विद्यार्थ्यांचा हरित निधी: पहिला रुपया घेण्यापूर्वी

प्रश्न: ठाण्यातल्या एका महाविद्यालयात एसवायला शिकणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, त्यांच्या निसर्ग मंडळाला आवारातल्या पर्यावरणाच्या कामांसाठी विद्यार्थ्यांनीच चालवलेला निधी उभा करायचा आहे. सुमारे नऊशे जण प्रत्येकी ५० रुपये द्यायला तयार आहेत. प्राचार्य म्हणतात की रक्कम जिमखाना निधीत जमा करा, आणि मंडळातल्या बहुतेकांना त्या पैशांतून गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत असे वाटते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर:

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात अकाउंटन्सी शिकवते. पूर्वी काही वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते आणि गेली अकरा वर्षे आमच्या विद्यार्थ्यांच्या अशाच एका निधीचे हिशेब पाहते आहे. या काळात ठाणे ते बेलापूर या पट्ट्यातल्या आणखी काही महाविद्यालयांनी बोलावले म्हणून त्यांचेही निधी जवळून पाहायला मिळाले. त्यांतले जे बंद पडले, त्यांतला एकही पैसे कमी पडले म्हणून बंद पडला नाही. ज्या मुलांनी निधी सुरू केला ती पदवी घेऊन बाहेर पडली, आणि मागे राहिलेल्यांना कोणता कागद कुठे आहे आणि कोणी काय कबूल केले होते हेच कळेना, म्हणून ते थांबले. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या प्रत्येक मुद्द्यावर मी तुम्हाला उलट एकच गोष्ट विचारणार आहे: तुम्ही दीड वर्षाने इथून गेल्यावर हे कोण चालवणार, आणि कोणत्या कागदाच्या आधारावर?

परदेशातली उदाहरणे तुमच्या वाचनात आली असतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या विद्यार्थ्यांनी २००६ साली मतदान घेऊन स्वतःवर छोटेसे हरित शुल्क लावून घेतले, आणि पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी दर सत्राला ५ डॉलरचे शुल्क मंजूर केले. हार्वर्डचा १ कोटी २० लाख डॉलरचा निधी वेगळ्या प्रकारचा आहे. तो विद्यापीठानेच काढलेला असून वेगवेगळ्या विभागांना वीज-पाणी वाचवणाऱ्या कामांसाठी बिनव्याजी कर्ज देतो, आणि त्या कामातून बिलात जी बचत होते तिच्यातून कर्ज फेडले जाते, म्हणजे तोच पैसा पुन्हा पुढच्या कामाला मिळतो. यातली पहिली पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणता येत नाही, दुसरी मात्र अगदी लहान प्रमाणावरही आणता येते, आणि माझ्या मते तुम्ही तीच आणावी.

पहिली का नाही, ते सांगते. महाराष्ट्रात महाविद्यालयाने कोणते शुल्क घ्यावे हे विद्यार्थ्यांच्या मतदानाने ठरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण आहे, बाकीच्या अभ्यासक्रमांची शुल्कशीर्षे विद्यापीठाच्या नियमांनी बांधलेली आहेत, आणि १९८७ चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा मान्य शुल्काच्या वर रक्कम घ्यायला मनाई करतो. म्हणून तुमचे ५० रुपये पूर्णपणे ऐच्छिक असले पाहिजेत, आणि ते तसे दिसलेही पाहिजेत. प्रवेशाच्या खिडकीवर, परीक्षेच्या अर्जासोबत किंवा हॉल तिकीट देताना ते मागू नयेत, वर्गात नावे वाचून तर मुळीच मागू नयेत, आणि ज्याने दिले नाहीत त्याला निधीच्या कामात तेवढाच आवाज असावा. ज्या मुलाला घणसोलीहून किंवा कळव्याहून रोज येण्याचे पैसे मोजून मिळतात त्याच्यासाठी ५० रुपये ही लहान रक्कम नसते, हे आपण विसरू नये.

आता पैसे कुठे ठेवायचे. मंडळाच्या एखाद्या हुशार मुलाच्या यूपीआयवर ते गोळा करण्याचा मोह होतो, कारण सगळे दोन दिवसांत उरकते. ते करू नका. असे जमलेले पैसे मी एकदा पाहिले आहेत. मुलगा अत्यंत प्रामाणिक होता आणि एक पैसाही इकडचा तिकडे झाला नव्हता, तरीही वसतिगृहाचे भाडे आणि निधीचे साठ हजार एकाच पासबुकात मिसळलेले पाहून त्याच्या वडिलांना जो घोर लागला आणि त्याने परीक्षेच्या तोंडावर जी आठ रात्रींची जागरणे करून हिशेब जुळवला, ते मला आजही आठवते. विद्यार्थी मंडळ ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नाही, त्यामुळे पैसे महाविद्यालयाच्याच नावाने असणार. पण जिमखाना निधीत मिसळायलाही माझा विरोध आहे. जिमखान्याचा खर्च दर वर्षी ठरलेला असतो, तिथे शिल्लक दिसली की ती क्रीडा महोत्सवाकडे किंवा वार्षिक स्नेहसंमेलनाकडे वळते, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू असतो असेही नाही. तुम्ही प्राचार्यांकडे दोन गोष्टी मागा. एक, वेगळे बचत खाते, आणि ते नाही जमले तर निदान हिशेबात वेगळे खातेशीर्ष, ज्यामुळे लेखापरीक्षकाला ताळेबंदात तुमची शिल्लक स्वतंत्र दिसेल. दुसरी, प्रत्येक खर्चाच्या व्हाउचरला निधी समितीच्या ठरावाची प्रत जोडल्याशिवाय रक्कम निघणार नाही, असा लेखी आदेश. सही प्राचार्यांची आणि प्रभारी शिक्षकांची राहील, ती तुम्हाला मिळणार नाही, पण ठराव तुमचा असेल. विद्यार्थ्यांनी चालवलेला निधी म्हणजे प्रत्यक्षात एवढेच असते, आणि एवढे लेखी असेल तर ते पुष्कळ आहे.

लेखी यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. माझ्या पाहण्यातल्या पहिल्या निधीत प्राचार्यांनी भर सभेत सांगितले होते की वीजबिलात जी बचत होईल तिच्यातला अर्धा भाग मुलांना परत मिळेल. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दोन वर्षांनी प्राचार्य निवृत्त झाले, विश्वस्त मंडळही बदलले, आणि नव्या मंडळींनी विचारले की असा ठराव कुठे आहे. ठराव नव्हता. त्यांचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते, आणि निधी तिथेच संपला.

म्हणून पहिला रुपया घेण्यापूर्वी व्यवस्थापनाकडून एका पानाचा करार करून घ्या, ज्यात निधीतून झालेल्या कामामुळे जितके युनिट वाचतील त्यांच्या किमतीचा ठरावीक हिस्सा दर वर्षी निधीत जमा होईल असे म्हटलेले असेल. आम्ही तीन चतुर्थांश हिस्सा मागितला होता आणि तो मिळाला, कारण उरलेला एक चतुर्थांश संस्थेला काहीही खर्च न करता पहिल्या दिवसापासून मिळतो आणि मुद्दल फिटल्यावर सगळीच बचत संस्थेची होते, हे आम्ही आकड्यांत मांडून दाखवले. बचत मोजायची ती मात्र युनिटांत. गेल्या वर्षीचे बिल आणि या वर्षीचे बिल शेजारी ठेवून बचत काढू नका. दर बदलतात, नवीन संगणक कक्ष सुरू होतो, एखादा उन्हाळा जास्त तापतो, आणि मग कोणीही काहीही सिद्ध करू शकतो. महावितरणचे बिल एकदा नीट वाचा. त्यात स्थिर आकार किंवा मागणी आकार असतो, तो पंखे बदलल्याने कमी होत नाही, म्हणून तो हिशेबातून वगळावा आणि वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळून एका युनिटला खरोखर किती पडतात तेवढेच धरावे.

आता सौर पॅनेलबद्दल. तुमच्याकडे ४५ हजार रुपये जमतील. गच्चीवरच्या सौर यंत्रणेला किलोवॅटमागे साधारण ५० ते ६० हजार रुपये लागतात, म्हणजे तुमच्या पैशांत धड एक किलोवॅटही होत नाही. एका किलोवॅटपासून वर्षाकाठी साधारण १,३०० ते १,४०० युनिट मिळतात, त्यातही आपल्या कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर उत्पादन बरेच खाली येते. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे, महाविद्यालयाला ते मिळत नाही. शिवाय नेट मीटरचा (वीजजाळ्यात दिलेली आणि त्यातून घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज, गच्चीच्या मजबुतीचा दाखला, जलरोधनाची हमी, हे सगळे संस्थेच्या सहीने चालणारे काम आहे आणि त्यात तुमचे उरलेले दीड वर्ष जाईल. सौर यंत्रणा व्हायलाच हवी, पण ती संस्थेने स्वतःच्या भांडवली खर्चातून करावी, आणि तुमच्या मंडळाने तिच्यासाठी पाठपुरावा करावा.

त्याऐवजी वाचनालयात जा आणि वर पाहा. बहुतेक जुन्या इमारतींत अजून ७५ वॅटचे पंखे आहेत. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे पंख्यामागे ४५ वॅट वाचतात. हा पंखा कुठे लावता यावर सगळे अवलंबून आहे, आणि माझ्या अनुभवात नव्या समित्या नेमके इथेच चुकतात. ठाण्यात वाचनालयाचा पंखा वर्षभर फिरतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला २७० दिवस धरले तर २,७०० तास होतात, आणि एका पंख्यामागे १२१.५ युनिट वाचतात. सोयीसाठी युनिटला १० रुपये धरू, म्हणजे १,२१५ रुपये. पंखा बसवून २,८०० रुपयांना पडला असे मानले तर तो दोन वर्षे चार महिन्यांत स्वतःची किंमत भरून काढतो. तोच पंखा वर्गात लावला, जिथे सहा तास आणि १८० दिवसच तास होतात, तर वर्षाला ४८६ रुपयेच वाचतात आणि पैसे फिटायला पावणेसहा वर्षे लागतात. वस्तू तीच, किंमत तीच, पण दुसऱ्या ठिकाणी बसवणाऱ्या तुकडीला आपल्या डोळ्यांदेखत काहीच परत आलेले दिसत नाही.

चौदा पंख्यांना ३९,२०० रुपये लागतील, उरलेल्या पैशांत वाचनालयाच्या विजेच्या जोडणीवर एक सबमीटर, म्हणजे फक्त तिथली वीज मोजणारा मीटर, बसेल, आणि वर्षाला १,७०१ युनिट, म्हणजे आपल्या सोयीच्या दराने १७,०१० रुपये वाचतील. करारातला तीन चतुर्थांश हिस्सा १२,७५७ रुपये होतो, म्हणजे तीन वर्षांत पंख्यांचे जवळजवळ सगळे पैसे निधीत परत. जी मुले एफवायला पन्नास रुपये देतील ती टीवाय संपवताना तेच पैसे दुसऱ्या कामाला लागलेले पाहतील. आणि वाचनालयात अजून जुन्या चोकच्या ट्यूबलाइट असतील तर आधी त्याच बदला. ट्यूबमागे ३० वॅट वाचतात, अडीचशे रुपयांच्या आत काम होते आणि तेवढ्याच तासांच्या वापरात काही महिन्यांत पैसे फिटतात.

दोन बारीक गोष्टी कोटेशन मागवतानाच लक्षात घ्या, कारण त्या कोणी सांगत नाही. बाजारातले बरेच बीएलडीसी पंखे रिमोटवर चालतात. घरात ते ठीक आहे, वाचनालयात पंधरा दिवसांत रिमोट हरवतात, मग पंखा एकाच वेगावर अडकतो आणि विद्यार्थी म्हणतात की जुनाच बरा होता. म्हणून भिंतीवरच्या बटणाने वेग बदलता येईल असेच मॉडेल मागा, आणि जुने रेग्युलेटर काढून टाकण्याचे काम वायरमनच्या कोटेशनमध्येच लिहून घ्या. दुसरी गोष्ट उतरवलेल्या पंख्यांची. एका महाविद्यालयात आम्ही वाचनालयाचे पंखे बदलले, सबमीटरवर बचत स्वच्छ दिसत होती, तरी संस्थेचे एकूण युनिट काही हलेनात. चार महिन्यांनी जिमखान्याच्या व्हरांड्यात सहज मान वर केली, तर ओळखीचा, एका पात्याला पोपटी रंगाचा ओघळ असलेला पंखा गरगर फिरत होता. वाचनालयातून काढलेले सगळे पंखे कोणीतरी काटकसर म्हणून तिथे लावले होते, जिथे आधी एकही पंखा नव्हता. तेव्हापासून आमच्या ठरावात एक वाक्य कायम असते, की जुनी वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमधून (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतून) कमी करून भंगारात दिल्याची पावती जोडल्याशिवाय नव्या वस्तूचे बिल मंजूर होणार नाही.

सगळीच कामे पैसे परत करणारी नसतात, आणि ती करूच नयेत असे माझे म्हणणे नाही. पंख्यांचे पैसे परत येऊ लागले की निधीचा एक चतुर्थांश भाग अशा कामांसाठी ठेवावा. मात्र जे काम कायद्याने संस्थेचेच आहे ते विद्यार्थ्यांच्या पन्नास रुपयांतून करू नये, हे मी ठामपणे सांगेन. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली होती. सध्याच्या नियमांनी तुमच्या संस्थेवर ती जबाबदारी येत असेल तर खताच्या टाक्यांचा खर्च संस्थेने करावा. वापरात नसलेल्या संगणकांची विल्हेवाट २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे लावणे हेही संस्थेचेच काम. नॅक, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी परिषद, तिच्याकडे पर्यायी ऊर्जा, कचरा व्यवस्थापन, पर्जन्यजल संचय या सगळ्यांची नोंद संस्था स्वतःच्या नावावर करणार असते, तेव्हा त्यासाठी तिने स्वतःची तरतूद करणे रास्तच आहे, आणि हा मुद्दा प्राचार्यांशी बोलताना नम्रपणे पण स्पष्टपणे मांडायला हरकत नाही.

खताच्या बाबतीत निधीने करण्यासारखे एक काम मात्र आहे, आणि त्याला फारसे पैसे लागत नाहीत. आपल्याकडचे खताचे बहुतेक प्रयोग जुलैत मरतात. कँटीनमधून कांद्या-बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा रोज येतो, हवा दमट, पाऊस थांबत नाही, मिसळायला कोरडे काही नसते, टाकीत चिखल होतो, वास सुटतो, आणि शेजारच्या इमारतीतून तक्रार आली की टाकी कायमची बंद होते. उपाय फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. त्या वेळी आवारातल्या झाडांचा पाचोळा ढिगाने पडतो आणि झाडून कचऱ्याच्या गाडीत जातो. तो पोत्यांत भरून कोरड्या जागी, शक्य तर जिन्याखाली, रचून ठेवा. ओल्याच्या दुप्पट कोरडा असा अंदाज ठेवला तर पावसाळा निभावतो. पन्नास-साठ रिकामी पोती आणि दोन शनिवारांचे श्रमदान एवढाच याचा खर्च आहे. सुट्ट्यांत टाकी कोण हलवणार, हे मात्र त्या माणसाच्या नावासह आधी ठरवा.

पाण्याबद्दल थोडक्यात. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे हजार चौरस मीटर गच्चीवरून वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मिळू शकते, पण ते साठवणार कुठे हा प्रश्न निधीच्या आवाक्याबाहेरचा आहे. जमिनीत मुरवण्याचा खड्डा येऊरच्या पायथ्याशी एक वेळ उपयोगी पडेल, वाशी-नेरूळच्या खाडीलगतच्या भरावावर तो करू नका, कारण तिथे भूजल वरच आणि खारे असते. त्यापेक्षा गच्चीवरच्या टाक्यांचे फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारे) आणि शौचालयांतले गळके सिस्टर्न तपासा.

औद्योगिक पट्टा शेजारीच असल्यामुळे कोणीतरी सीएसआरचे, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशांचे, नाव काढेलच. पहिली दोन वर्षे त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. कंपनी तो पैसा तुमच्या मंडळाला देऊ शकत नाही, सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेल्या संस्थेलाच देते, आणि पैसा देताना काय करायचे तेही बहुधा तीच ठरवते. मग समितीची सवय निर्णय घेण्याची राहत नाही, अहवाल भरण्याची होते.

आता समितीची रचना, ज्यावर सगळे अवलंबून आहे. टीवायच्या विद्यार्थ्यांकडे कोणतेही पद देऊ नका, त्यांना सल्लागार ठेवा. खजिनदार एसवायचा असावा आणि त्याच्यासोबत पहिल्या दिवसापासून एफवायचा उपखजिनदार, ज्याने प्रत्येक व्हाउचर स्वतःच्या हाताने कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) चढवलेले असेल. संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि तुमचे वर्ष जुलैत सुरू होते, या दोहोंच्या मधल्या फटीत बहुतेक निधींचे कागद हरवतात. यासाठी खरेदी जानेवारीपर्यंत आटोपावी, फेब्रुवारीत हिशेब बंद करावा, आणि जुन्या-नव्या खजिनदारांनी परीक्षा सुरू होण्याआधी एका बैठकीत कीर्द, पासबुकाची प्रत, ठरावांची फाईल आणि सबमीटरच्या नोंदींची वही समोरासमोर मोजून एकमेकांच्या सह्या घ्याव्यात. निधीतून घेतलेल्या प्रत्येक वस्तूवर रंगाने क्रमांक घाला, तोच क्रमांक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लिहा. वही कागदाची असावी. गुगल शीट चांगली असते, पण ती ज्याच्या ईमेलवर असते तो एक दिवस निघून जातो.

पैसे गोळा करण्यापूर्वी या पंधरवड्यात करता येईल असे एक काम सांगते. विद्युत विभागातल्या वायरमनला विनंती करून वाचनालयाच्या जोडणीवर सबमीटर बसवून घ्या, तेवढे दोन-तीन हजार संस्थेकडून आगाऊ मागा, आणि वाचनालय उघडताना आणि बंद होताना असे दिवसातून दोनदा पंधरा दिवस आकडे लिहा, कोणत्या दिवशी किती पंखे चालू होते या नोंदीसह. आकडे लिहिण्याचे काम एफवायच्या दोन मुलांकडे द्या. व्यवस्थापनासमोर कराराचा कागद ठेवाल तेव्हा त्याच्यासोबत ती वही असू द्या.